पाठमोरा

चौरस फुटाला पस्तीस रुपये.
रंग वनखात्याचा, शिडी माझी.
"जिप्सीतून पाहुण्यांना दिसला पाहिजे," साहेब म्हणाले,
आणि त्यांच्या मोबाइलवरचा वाघ
माझ्या मोबाइलवर आला.

मी मूलचा, पाट्या रंगवणारा.
धानगिरणीचं नाव, ट्रॉलीच्या फळीवर आईची पुण्याई,
दिवाळीनंतर नाटकांचे पडदे :
एकावर महाल, एकावर तुरुंग,
एकावर जंगल, ज्यात काहीच राहत नाही.

हिवरझरीची अंगणवाडी, रस्त्याकडची भिंत, बावीस बाय नऊ.
ओल खरवडली तर खाली पोलिओच्या डोसाची जुनी तारीख,
तिच्याखाली कुणाचं तरी निवडणूक चिन्ह,
त्याच्याही खाली नीळ घातलेला चुना,
थंड, मऊ, लग्नघरासारखा.

तिसऱ्या दिवशी डोळे.
पांढरा ठिपका बुबुळात जरा वर ठेवायचा,
मग माणूस कुठूनही जावो, नजर त्याच्यावरच.
दुपारी शिडीवरून उतरताना
मीच दोनदा मागे वळून पाहिलं.

चौथ्या दिवशी लेकरं नाहीत.
छबुताई नन्नावरे खिचडीचं पातेलं झाकून दारात उभी.
"पटावर सत्तावीस. आली चार.
तेबी मांगच्या दारानं."

मग पैकाबाई सोयाम आली.
तिची सून मागच्या चैत्रात मोहफुलं वेचायला वाकली होती.
वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही, असं म्हणतात.
याहून जास्त गावात कुणी बोलत नाही.

मला वाटलं, शेण फेकेल.
ती भिंतीसमोर उकिडवी बसली,
सावली एका विटेवरून दुसरीवर सरकेपर्यंत.
"बेस काढला," म्हणाली. "असाच हाये तो.
पन याचं तोंड गावाकडं कावून, पेंटर?
जाऊ दे न याले घरी."

डोक्यावर प्रायमरचे दोन हात दिले.
डोळे शेवटी झाकले,
तरी पहिल्या हातातून ते पाहतच होते.

पाठमोऱ्या वाघाचा फोटो मिळत नाही. कोण काढतो?
देऊ मडावीला विचारलं, तो गुरं राखतो.
"जाताना घाई नाही करत," तो म्हणाला,
"खांदे असे वर-खाली होतेत,
पान्यानं भरलेली कावड नेल्यावानी."
आणि रस्त्यावर मला चालून दाखवलं,
काठी टाकून, मान खाली घालून.
गुरं थबकली.

तसा काढला.
लोंबती शेपूट, मागच्या पंजाचा मळका तळवा,
पुढे बांबू, बांबूआड अंधार.
अंधाराला काळा नाही लावला. निळा आणि गेरू.
पडद्यावरचं जंगल असंच करायचो,
फक्त त्यात कुणी चालत गेलं नव्हतं.

साहेब जिप्सीतून उतरले नाहीत.
"तोंड कुठंय?"
"आत गेलं, सर."
सहा चौरस फूट डोक्याचे कापले,
दोनशे दहा रुपये.
पैकाबाईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली,
पदर तोंडाला लावून, खूप वेळ,
मग हसणं कुठे संपलं ते कळलं नाही.

आता लेकरं शेपटीला हात लावून आत जातात.
तेवढा रंग उडालाय, खालची नीळ दिसते.
छबुताईचा निरोप येतो : एकदा हात मारून जा.
तिथे मी मारत नाही.

पण पावसाळ्यानंतर भिंत ओल धरते
आणि बांबूंतून दोन ठिपके वर येतात, फिकट,
ठाऊक असणाऱ्यालाच दिसतील असे.
तेवढ्यासाठी मूलहून एसटीनं जातो,
डबीत थोडा हिरवा घेऊन.

एक पान काढतो.
या वर्षी दोन लागली.